तारेत की तारेभोवती

मायकेल फॅरेडेला गणित येत नव्हतं. हे त्याने लपवलं नाही. ज्याच्याशी वाद चालला होता त्यालाच पत्राने कळवून टाकलं. ३ सप्टेंबर १८२२ ला लंडनहून त्याने पॅरिसच्या आंद्रे-मारी अँपिअरला लिहिलं, त्याचा मतलब असा: मला गणिताचं ज्ञान नाही, अमूर्त विचारात सहज शिरता येत नाही, म्हणून एकाला एक लागून ठेवलेल्या घटना चाचपत मला वाट काढावी लागते. दुकानात पाच अँपिअरचा स्विच मागताना आपण ज्याचं नाव घेतो तोच हा अँपिअर. त्या काळातल्या फ्रेंच गणितात नाव काढलेला माणूस. आणि पत्र लिहिणारा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. आपल्याकडे ‘मला त्यातलं काही कळत नाही’ म्हणणारा बहुधा पुढे गप्प बसतो. फॅरेडे गप्प बसला नाही. गणित येत नाही हे खरं, आणि तुझं म्हणणं मला पटत नाही हेही खरं, अशी त्याची दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी नांदतात.

भांडण होतं ते असं. १८२० च्या जुलैत कोपनहेगनच्या हान्स क्रिस्टियान ओर्स्टेडने चार पानांचं एक लॅटिन पत्रक छापून युरोपभरच्या विद्वानांना धाडलं. प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते, एवढीच त्यातली बातमी. सप्टेंबरात पॅरिसच्या अकादमीत तो प्रयोग करून दाखवला गेला आणि अँपिअर कामाला लागला. त्याची मांडणी न्यूटनच्या वळणाची होती. तारेचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे, कोणत्याही दोन तुकड्यांमध्ये सरळ रेषेत ओढ किंवा ढकल मानायची, आणि सगळ्यांची बेरीज करायची. मधली जागा नुसती मोकळी. तिचं काम काही नाही. फॅरेडेने सप्टेंबर १८२१ मध्ये एका भांड्यात पारा घेतला, मधोमध लोहचुंबक उभा केला, वरून एक तार सैल टांगली आणि प्रवाह सोडला. तार चुंबकाकडे गेली नाही, चुंबकापासून दूरही पळाली नाही. ती त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागली. त्याने या उपकरणाच्या खिशात मावतील अशा प्रती बनवून परदेशच्या विद्वानांना पाठवून दिल्या. वादात मुद्दा मांडावा तर असा, टपालात घालून.

अँपिअरने ती प्रदक्षिणाही आपल्या सूत्रात बसवून दाखवली. त्यात लबाडी नव्हती. सूत्र खरोखरच तेवढं ताकदीचं होतं. १८२५ मध्ये फॅरेडेने त्याला पुन्हा कळवलं की तुमचा सिद्धान्त इतक्या लवकर गणितात शिरतो की तो माझ्या हाताबाहेर जातो. बाकी दोघांचं वागणं शेवटपर्यंत सभ्य राहिलं. प्रश्न मात्र जागच्या जागी होता. तारेची ताकद तारेत असते, की तारेभोवतीच्या मोकळ्या जागेत?

मासवणला राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटायचं कारण नाही. इथे सूर्या नदीचं पाणी पंपांनी उचललं जातं, धुकटणच्या शुद्धीकरण केंद्रातून ते वसई-विरारकडे जातं. मासवणच्या पंपांची वीज गेली की चार स्टेशनं पलीकडच्या सोसायट्यांत आम्हाला कधी न पाहिलेली माणसं आमच्या गावाचं नाव घेऊन बोटं मोडतात. पश्चिमेला समुद्रकाठी तारापूर. तिथलं अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देतं आहे, देशातलं पहिलं. पुढे त्याच्या शेजारी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच आले आणि त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. अणूची वीज म्हणजे काहीतरी निराळी, तेजाळ वीज असावी असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. अणू फक्त पाणी उकळतो. वाफ चक्र फिरवते, आणि चक्राच्या दुसऱ्या टोकाला जे घडतं ते फॅरेडेने १८३१ च्या शरदात करून ठेवलेलं आहे: वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की वेटोळ्यात प्रवाह उमटतो. स्थिर ठेवला की काही नाही. हलवला तरच.

मग मनोऱ्यांवरून ती वीज शेतांच्या डोक्यावरून जाते. पावसाळी हवेत तारा चुरचुरतात. ४०० केव्हीच्या वाहिनीखाली रात्री नुसती ट्यूबलाइट हातात उभी धरली तर ती मंद उजळते, कशालाही न जोडता. (करून बघू नये.) मनोऱ्याच्या पायाखाली जमीन जाते त्याची भरपाई मिळणार हे कुणालाही पटेल, पण तार नुसती वरून गेली तर? याचे तंटे इकडे वर्षानुवर्षं चालले. २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली: मनोऱ्याच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. भातशेताच्या बांधावर उभं राहून मला हे वाचताना गंमत वाटते. सरकारदरबारी तेव्हा तारेभोवतीच्या जागेचा भाव पंधरा टक्के ठरला होता. फॅरेडे असता तर त्याने शंभर मागितले असते.

बोईसरला मोटार वायंडिंगचं एक दुकान आहे. मार्च लागला की तिथे जळलेल्या मोटारींची रांग लागते. भाजीवाल्या शेतकऱ्याची मोटार जळते ती बहुतेक दोन फेजवर चालून. तिसरा फेज कुठेतरी खांबावर गेलेला असतो, मोटार घुमत राहते, आणि माणूस विहिरीपर्यंत पोचेतो वॉर्निश करपल्याचा वास आलेला असतो. मिस्त्री छिन्नीने जळकी कॉइल कापतो, ओढून काढतो, वेढे मोजून वहीत टिपतो, फर्म्यावर तांब्याची नवी तार गुंडाळतो. स्लॉटमध्ये आधी कागद, मग वेढे, वरून बांबूची पाचर. दोऱ्याने बांधून झालं की वॉर्निशच्या आधी तो जे करतो ते बघायला मी मुद्दाम थांबतो. बेअरिंगमधला एक छर्रा तो रिकाम्या स्टेटरमध्ये टाकतो आणि व्होल्टेज कमी करून क्षणभर करंट सोडतो. छर्रा दचकल्यासारखा उडतो आणि महालक्ष्मीच्या जत्रेतल्या मौत का कुआँमधल्या फटफटीसारखा आतल्या भिंतीला धरून गरगर फिरायला लागतो. फिरला, तर जोडणी बरोबर. नुसता थरथरत एका जागी चिकटला, तर कुठेतरी कॉइलची टोकं उलटी लागली.

छऱ्याला कुठलीही तार जोडलेली नसते. पुढे छऱ्याच्या जागी रोटर बसतो, त्यालाही तार नसते. स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट राहते, आणि पाच हॉर्सपॉवरची सगळी ताकद तेवढ्या हवेतून पलीकडे जाते. “मास्तर, सगळा खेळ फटीत आहे,” मिस्त्री म्हणतो. तो हे बेअरिंगबद्दल म्हणत असतो. बेअरिंग झिजलं की रोटर घासतो आणि मोटार पुन्हा त्याच्याकडे येते. पण फॅरेडेचं म्हणणं याहून थोडक्यात सांगणं अवघड.

अर्थात अँपिअरच्या बाजूचा माणूस इथे हात वर करील. यात सिद्ध काय झालं? तांब्याने दुरून लोखंडाला हलवलं, एवढंच ना? मग मधली जागा रिकामीच आहे असं म्हणायला हरकत काय? हरकत काही नाही. या वादाची खरी अडचण तीच होती. चुंबकाभोवती कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरला की वळणावळणाच्या रेषा उमटतात, त्या बलरेषा फॅरेडेला खऱ्या वाटत. गणितज्ञांना त्या सोयीची रांगोळी वाटत. ग्रिनिचचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याने १८५५ मध्ये एका पत्रात लिहून टाकलं की दुरून होणाऱ्या क्रियेचं गणित इतकं नेमकं जुळत असताना बलरेषांसारख्या धूसर गोष्टीपाशी कुणी क्षणभरही घुटमळेल हे मला समजत नाही.

त्याच सुमारास केंब्रिजमधल्या एका तरुणाने त्याच धूसर गोष्टीवर निबंध लिहिला. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने निबंध फॅरेडेला पाठवला तेव्हा तो पंचविशीत होता, फॅरेडे पासष्टीचा. फॅरेडेचं २५ मार्च १८५७ चं उत्तर मोकळ्या मनाचं आहे: या विषयावर गणिताचा एवढा मारा झालेला पाहून आधी मी जवळजवळ घाबरलो, आणि मग विषय त्याखाली इतका छान तगला हे पाहून नवल वाटलं. नोव्हेंबरात पुन्हा पत्रं झाली. १३ तारखेच्या पत्रात म्हाताऱ्याने एक विचारणा केली, ती मला या सगळ्या पत्रव्यवहारातली सर्वांत मोलाची वाटते. गणिती आपल्या निष्कर्षाला पोचला की तो निष्कर्ष साध्या बोलीत, तितकाच पुरता आणि तितकाच नेमका, सांगता येणार नाही का? आमच्यासारख्यांना मग प्रयोग करून त्यावर काम करता येईल. विनंतीचा सूर आहे, पण तिच्यात अडवणूकही आहे. सांगता येत नसेल तर तुला तरी ते कितपत कळलंय, असा प्रश्न तिच्या पोटात आहे.

गणिताशिवाय झालेली या विषयातली दुसरी कामगिरी आपल्या अगदी जवळची, आणि तीही एका पत्रातून निघाली. पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे आणि होकायंत्राची सुई दिवसभर किंचित डुलते, हे ठाऊक होतं. का डुलते ते ठाऊक नव्हतं. गॉटिंगेनमध्ये कार्ल फ्रीडरिश गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांची एक साखळी जमवली: ठरलेल्या दिवशी, गॉटिंगेनच्या घड्याळाने, सगळ्यांनी एकाच वेळी सुई बघायची. १८३६ च्या एप्रिलमध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून सुचवलं की तुमचं राज्य जगभर आहे, तर अशी ठाणी तुमच्या वसाहतींत उभी करा. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात उभारलेल्या ठाण्यांपैकी एक मुंबईच्या कुलाब्याला होतं. १८४१ मध्ये तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही या वेधशाळेचं काम पाहिलं, आणि अलिबागजवळच्या नागावचा एक पोरसवदा मुलगा तिथे मदतनीस म्हणून लागला. तो पुढे पुण्यात गणित शिकवणारा आणि टिळकांचा गुरू झाला. केरूनाना छत्रे.

वेधशाळेतलं हे काम म्हणजे काय, तर अंधाऱ्या खोलीत रेशमाच्या धाग्याला टांगलेला चुंबक, दुर्बिणीतून दिसणारी मोजपट्टी, आणि वही. बाहेर मुंबईत काहीही होवो, ठरल्या वेळी आकडा लिहायचा. तारेत की तारेभोवती, याच्याशी लिहिणाऱ्याला कर्तव्य नाही. अशाच एका वहीत २ सप्टेंबर १८५९ च्या नोंदी आहेत. आदल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक झळाळी पाहिली होती. कुलाब्याला त्या दिवशी पृथ्वीचं क्षितिजसमांतर चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं. अमेरिकेत तारयंत्रवाल्यांनी बॅटरी सोडवून ठेवल्या आणि नुसत्या आभाळातून आलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. सूर्याकडून आलेलं हे चुंबकीय वादळ केवढं होतं याचा अंदाज करायला २००३ मध्ये शास्त्रज्ञ बसले तेव्हा त्यांना कामी आली ती कुलाब्याची वही.

कुलाब्याच्या सुईला शेवटी हलवलं ते ट्रामने. विसावं शतक उजाडताना मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. ट्रामचा करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. जाताना थोडा जमिनीत झिरपतो आणि कुठेही भटकतो. शहरात ट्राम धावणार म्हणजे सुईच्या डुलण्यात ट्रामची घरघर मिसळणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली खाडीपलीकडे अलिबागला लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे सांधता यावेत. आणि मगच कुलाबा बंद केलं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. एका शास्त्रीय वहीसाठी शहराची ट्राम थांबलेली आहे, हे आज सांगितलं तर थाप वाटेल. आणि केरूनानांनी पोरवयात ज्या सुयांकडे पाहिलं, त्या सुयांचं काम ते गेल्यावर वीस वर्षांनी त्यांच्याच गावाशेजारी येऊन पोचलं. याला योगायोगच म्हणायचं. अर्थ काढू नये.

रोज डुलणाऱ्या सुईचं कोडं सोडवायचा प्रयत्न फॅरेडेनेही केला. हवेतला ऑक्सिजन किंचित चुंबकीय आहे, ऊन लागलं की तो गुण कमी होतो, त्यामुळे सुई डुलत असणार, असं त्याने मांडलं. चूक निघालं. १८८२ मध्ये बॅलफोर स्ट्यूअर्टने सुचवलं की फार उंचावरची हवा वीज वाहून नेऊ शकत असावी, आणि सूर्यामुळे हलणारे तिथले वारे पृथ्वीच्या चुंबकत्वातून वाहताना त्यांच्यात प्रवाह उमटत असावेत. तेच खरं ठरलं. म्हणजे तारापूरला जे जनित्र आहे तसं एक आपल्या डोक्यावर शंभरेक किलोमीटरवर दिवसभर चालू असतं, आणि तिथे जमीन कुणाचीच जात नाही.

मग मूळ वाद मिटला कशाने? वेळेने. दुरून होणारी क्रिया तत्काळ व्हायला हवी. पण मधली जागा खरोखर काही काम करत असेल, तर त्या कामाला थोडा तरी वेळ लागणार. फॅरेडेला हे फार आधी सुचलं होतं. १२ मार्च १८३२ ला त्याने रॉयल सोसायटीकडे एक लखोटा सीलबंद करून ठेवायला दिला. चुंबकत्वाचा परिणाम पसरायला वेळ लागतो, तो पाण्यावरच्या तरंगांच्या किंवा आवाजाच्या मार्गाने जात असावा, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा हातात नव्हता म्हणून छापलं नाही. पण कल्पना आपली, तर तारीख तरी नोंदलेली असावी. लखोटा फोडला गेला १९३७ मध्ये, वाद संपून पन्नास वर्षं होत आली तेव्हा.

पुरावा पुरवला तो प्रतिपक्षाने. गाउसचा सहकारी वेबर हा दुरून क्रिया मानणारा. त्याने आणि रुडॉल्फ कोलराउशने १८५६ च्या सुमारास वीज आणि चुंबकत्व यांच्या एककांचं गुणोत्तर चिकाटीने मोजलं. आकडा मोठा निघाला. त्यांनी त्यातून काही वेगळं वाचलं नाही. १८६१ चा उन्हाळा मॅक्सवेलने स्कॉटलंडमध्ये आपल्या गावी काढला, बलरेषांचं गणित मांडत. जवळ वेबरचे आकडे नव्हते. लंडनला परतल्यावर त्याने ते काढून सूत्रात घातले, आणि विजेच्या तरंगाचा जो वेग आला तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाला जवळजवळ लागून होता. १९ ऑक्टोबरला त्याने फॅरेडेला हे कळवलं, आणि गणित मी गावी असताना, हे दोन आकडे जुळतील याची शंकाही येण्याआधी केलं होतं, असं आवर्जून लिहिलं. या पत्राच्या वेळी फॅरेडे सत्तर वर्षांचा होता आणि त्याची स्मृती ओसरत चालली होती. हाइनरिश हर्ट्झने तरंग प्रयोगात पकडले ते १८८७-८८ मध्ये. तोवर दोघेही गेले होते.

गेल्या खेपेला हे सगळं मी मिस्त्रीला सांगत बसलो होतो. १८८४ मध्ये जॉन पॉइंटिंगने दाखवलं की ऊर्जा तारेच्या आतून वाहत नाही, तारेभोवतीच्या जागेतून वाहते, इथवर आलो. तारापूरची वीज मासवणच्या पंपाला पोचते ती तारेच्या बाहेरून.

त्याने पक्कड खाली ठेवली. “मग तांबं एवढं महाग कशाला घ्यायचं?”

“वाट दाखवायला. जिथे तार जाते तिथे ती जाते.”

“आणि जळतं कोण?”

“तारच. बाहेरची थोडी आत शिरते, तिचीच उष्णता होते.”

“म्हणजे वाट दाखवणाराच जळतो.” हे त्याला पटलं, कारण हे त्याला माहीत होतं. मग फॅरेडेच्या त्या विचारणेची गोष्ट सांगितली. छऱ्यावरचं तेल पुसत त्याने विचारलं, “मग त्याने सांगितलं का, साध्या बोलीत?”

म्हटलं, सोळा वर्षांनी मॅक्सवेलचा मोठा ग्रंथ निघाला, दोन खंडांचा. आत गच्च गणित. पण प्रस्तावनेत तो सांगतो की फॅरेडेचे प्रयोग वाचून होईपर्यंत मी या विषयावरचं कसलंही गणित वाचायचं नाही असं ठरवलं होतं. फॅरेडे तेव्हा हयात नव्हता.

“म्हणजे गणित काही चुकलं नाही,” मिस्त्री म्हणाला. “मोटार शनिवारी न्या. वॉर्निश सुकायला दोन दिवस लागतात.”